जीभ विसावते कुठे?

एखादा माणूस वर्षानुवर्षं मराठी बोलत असतो. व्याकरण चोख, शब्द नेमके, 'ळ' तर अगदी ठसठशीत. मग बोलता बोलता तो 'चांगलं' म्हणतो, त्यातला 'च' 'चिमणी'तल्या 'च'सारखा येतो, आणि मराठी ही त्याची मायबोली नाही हे आपल्याला त्याच क्षणी कळतं. कुठल्या शब्दात कुठला 'च' हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. लिपीतही दोघांना मिळून एकच अक्षर आहे. तरी कान चुकत नाही.

'ळ' त्याच्या भाषेत नव्हताच, म्हणून त्याने तो मुद्दाम घोटून घेतला. 'च' मात्र त्याच्याकडे होता, जवळपास आपल्यासारखाच. तो वेगळा आहे हे त्यामुळेच त्याच्या ध्यानात आलं नाही. जेम्स फ्लेगे या अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञाने परभाषेच्या उच्चारांवर आयुष्यभर काम केलं. त्याची मांडणीही साधारण अशीच आहे: अगदी नवा ध्वनी सरावाने साधतो, आपल्या ध्वनीच्या शेजारी बसलेला ध्वनी दगा देतो. इंग्लंडचा नट अमेरिकन माणसाची भूमिका करतो तेव्हा त्याच्यापुढे सगळे ध्वनी असे शेजारचेच असतात. भाषा तीच, शब्द तेच, आणि प्रत्येक स्वर अर्ध्या पावलाने सरकलेला. म्हणून मला हे काम परकी भाषा शिकण्याहून नाजूक वाटतं.

ऐकणाऱ्याचा कान किती तीक्ष्ण असतो याचा पुरावा फ्लेगेच्याच १९८४च्या एका प्रयोगात आहे. फ्रेंच आणि अमेरिकन माणसांनी उच्चारलेल्या इंग्रजी शब्दांचे तुकडे त्याने अमेरिकन श्रोत्यांना ऐकवले आणि ते तुकडे लहान लहान करत नेले. शेवटी 'टू' या उच्चाराची पहिली ३० मिलिसेकंदं उरली, म्हणजे सेकंदाचा साधारण तेहतिसावा भाग. स्वर सुरू व्हायच्या आधीचा, नुसता जीभ सुटतानाचा आवाज. तेवढ्यावरूनही फ्रेंच कोण हे श्रोत्यांना नुसत्या अंदाजापेक्षा बरंच अचूक ओळखता आलं.

हा कान घडतो पाळण्यात. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या मुलांना दोन्हींतला फरक कळत होता. १० ते १२ महिन्यांच्या मुलांना जवळजवळ कळेनासा झाला होता. आजूबाजूच्या भाषेत ज्या फरकाला काही अर्थ नाही, तो मेंदू पहिल्या वाढदिवसाच्या आतच बाजूला सारतो. नटाला पुढे हीच पुसलेली रेघ पुन्हा ओढायची असते.

थोडं जवळून पाहू. तळहात ओठांसमोर धरा आणि 'पान' म्हणा. हाताला फारशी हवा लागत नाही. इंग्रजी मायबोली असलेला माणूस 'पिन' म्हणतो तेव्हा मात्र हवेचा झोत चांगलाच जाणवतो. त्याचा 'प' आपल्या 'फळ'मधल्या, दोन्ही ओठ मिटून काढलेल्या 'फ'च्या बराच जवळ असतो. पण 'स्पिन' म्हणताना तो झोत नाहीसा होतो, आणि आपण दोन वेगळे ध्वनी काढतोय याचा त्याला पत्ताही नसतो. ओठ उघडणं आणि कंठ थरथरू लागणं यांमधलं हे अंतर ली लिस्कर आणि आर्थर एब्रमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ साली ११ भाषांमध्ये मोजलं होतं. त्यांत मराठीही होती. आपल्याकडे 'प' आणि 'फ' ही दोन अक्षरं असल्याने हा फरक आपल्याला शाळेपासून ठाऊक असतो. अल्पप्राण, महाप्राण ही नावंही आपण पाठ केलेली असतात.

आता ह्यू लॉरी. हा ऑक्सफर्डमध्ये जन्मलेला इंग्लिश नट २००४ ते २०१२ अशी आठ पर्वं अमेरिकन टीव्हीवर डॉक्टर हाउस म्हणून वावरला. त्याच्या फक्त 'र'कडे पाहा. त्याच्या घरच्या इंग्रजीत 'कार', 'हार्ड' यांतला 'र' बोलला जात नाही, स्वर नुसता लांबतो. अमेरिकेत तो बोलावा लागतो, आणि तोही आपल्यासारखा जिभेचा टोला देऊन नव्हे, तर जीभ मागे गोळा करून किंवा टोक वर वळवून, टाळूला न लावता. उलट, दोन स्वरांमध्ये इंग्लिश माणूस नसलेला 'र' घालतो. 'लॉ अँड ऑर्डर'चं त्याच्या तोंडी 'लॉरँड ऑर्डर' होतं. तो काढून टाकायचा. आणि 'वॉटर'मधला 'ट'? अमेरिकन माणूस तिथे वरच्या दातांमागच्या हिरडीवर जीभ एकदाच हलकेच टेकवतो. आपण तो ध्वनी 'ड' समजून 'वॉडर' असं लिहितो, पण जिभेच्या हालचालीने पाहिलं तर तो आपल्या 'वारा'तल्या 'र'चा सख्खा भाऊ आहे. एका ठिकाणी 'र' घालायचा, दुसरीकडून काढायचा, तिसरीकडे 'ट'च्या जागी जवळपास 'र' म्हणायचा. आणि हे सगळं वैतागलेल्या, लंगडणाऱ्या डॉक्टरचा राग चेहऱ्यावर ठेवून.

एकेक ध्वनी असा लक्षात ठेवून कुणी आठ वर्षं बोलू शकणार नाही. म्हणून डायलेक्ट कोच, म्हणजे नटांना ॲक्सेंट शिकवणारे लोक, मुळाशी जातात. त्यांना आधी तोंडाची ठेवण बदलायची असते: जबडा किती सैल, ओठ किती गोल, गप्प असताना जीभ कुठे टेकलेली. गायनात आवाजाची बैठक म्हणतात तशी ही तोंडाची बैठक. ती नुसती शिक्षकांची कल्पना नाही. २००४ साली ब्रायन गिक हे ध्वनिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोलणाऱ्या माणसांच्या जुन्या क्ष-किरण चित्रफिती तपासल्या. दोन वाक्यांमधल्या विश्रांतीत जीभ, ओठ आणि जबडा कुठे थांबतात हे त्यांनी मोजलं. इंग्रजी आणि फ्रेंच बोलणाऱ्यांची ही विसाव्याची जागा वेगळी निघाली. बैठक बदलली की पुष्कळसे स्वर आपोआप नव्या जागी पडतात.

उरलेल्या स्वरांसाठी कोचांच्या हाताशी जॉन वेल्स या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञाने १९८२ साली मांडलेले शब्दगट असतात. एकाच स्वराच्या शब्दांचं एक कुटुंब, अशी २४ कुटुंबं. 'बाथ'चं कुटुंब दक्षिण इंग्लंडमध्ये लांब 'आ'ने बोललं जातं, उत्तर इंग्लंडात आणि अमेरिकेत आखूड स्वराने. नट संहितेतला प्रत्येक शब्द त्याच्या कुटुंबात टाकतो. इथे त्याला स्थलांतरितापेक्षा मोठी सवलत आहे: वाक्यं आधीच माहीत असतात, चुकलं तर रीटेक असतो, त्यानंतरही ओळ डब करता येते. ३० वर्षं परदेशात राहूनही कुणाचा मूळ हेल गेला नाही, तर त्यात बुद्धीची उणीव शोधू नये. त्या माणसाला रोज न लिहिलेली वाक्यं बोलायची असतात, एकाच टेकमध्ये.

सवलती असूनही फसतं, तेव्हा बहुधा स्वरांपाशी फसतं. डिक व्हॅन डाइक या अमेरिकन नटाने १९६४च्या 'मेरी पॉपिन्स'मध्ये लंडनच्या कॉकनी, म्हणजे तिथल्या कामगारवस्तीतल्या, ढबीत बोलायचा प्रयत्न केला. ठळक खुणा त्याने पकडल्या, स्वर मात्र पुन्हा पुन्हा अमेरिकेला परत जाताना ऐकू येतात. २०१७ साली बाफ्ता या ब्रिटिश सिनेसंस्थेच्या पुरस्काराच्या निमित्ताने त्याने त्या उच्चारांबद्दल ब्रिटिशांची माफी मागितली. तो सिनेमा तरीही लोकांनी मनापासून जपलाय, आणि मला ते योग्यच वाटतं.

मेंदूत या वेळी काय चालतं? कॅरोलिन मगेटिगन या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून बालगीतांच्या ओळी म्हणायला सांगितलं, एकदा स्वतःच्या आवाजात, एकदा दुसऱ्या ढबीत. आवाज मुद्दाम बदलताना डाव्या मेंदूतल्या इन्सुला नावाच्या, घडीत दडलेल्या भागाचा पुढचा हिस्सा आणि त्याच्या शेजारचा, बोलण्याची आखणी करणारा भाग जास्त कामाला लागलेले दिसले. इथली घडी विस्कटली तर काय होतं, हे नॉर्वेतल्या एका बाईच्या वाट्याला आलं. १९४१च्या हवाई हल्ल्यात बॉम्बचा तुकडा तिच्या डोक्यात शिरला. ती वाचली, पण तिचं नॉर्वेजियन जर्मन माणसासारखं ऐकू येऊ लागलं. तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात होता, आणि दुकानदार तिला वस्तू द्यायला नकार देत. मोनराड-क्रोन या मेंदुतज्ज्ञाने १९४७ साली तिची हकिगत नोंदवली. बिचारीने कुणाचीही नक्कल केली नव्हती. बोलण्याचा तोल थोडा ढळला, आणि ऐकणाऱ्यांनी तिला शत्रूच्या रांगेत बसवलं.

ढबीची ही आखणी जाणीवपूर्वक करायची तर लक्ष खर्ची पडतं, आणि नटाला ते लक्ष अभिनयासाठी हवं असतं. म्हणून रडण्याच्या, ओरडण्याच्या प्रसंगांत ॲक्सेंट सुटतो. टेक्सासच्या रेनी झेलवेगर या नटीने सिनेमातल्या ब्रिजेट जोन्स या इंग्लिश तरुणीच्या भूमिकेच्या वेळी कॅमेरा बंद असतानाही इंग्लिश ढब सोडली नाही, त्यामागचं कारण हेच असावं: जे दिवसभर चालू आहे ते आठवावं लागत नाही.

कोच आणखी एक गोष्ट ऐकतात, जी कुठल्याच संहितेत लिहिलेली नसते. शब्द सुचेनासा झाला की माणूस जो आवाज काढतो, तो. स्कॉटिश माणूस 'एऽ' करून रेंगाळतो, फ्रेंच माणूस ओठ गोल करून. तोंड विसाव्याला आहे आणि नुसता कंठ चालू आहे, म्हणून हा आवाज त्या बैठकीतूनच निघतो. काही कोच शिकवणीची सुरुवातच त्याने करतात. नटाला आधी एकही शब्द देत नाहीत, त्या माणसासारखं नुसतं अडखळायला सांगतात.