बक्षीस नाकारलं, माफी दिली

लंडनमध्ये बायकांचे खून पाडणाऱ्या आणि कधीच न सापडलेल्या जॅक द रिपरचा विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतं, ‘गृहमंत्र्यांनी बक्षीस लावलं, तरी खुनी सापडला नाही.’ लगेच दुसरा खोडून काढतो, ‘छे, सरकार ढिम्म बसलं होतं.’ दोघंही चूक, कारण बक्षीस आणि माफी या दोन गोष्टींची दोघांनी खिचडी केलेली असते.

१८८८ सालचे खून, गल्ल्या, तारखा तुम्हाला पाठ असतील, त्या सोडून देऊ. (तो उंच टोपीवाला सावलीतला माणूसही आता पुरे.)

बक्षीस जाहीर झालं की ते शेजारी, घरमालक, गुत्त्यावरचा गिऱ्हाईक, कुणीही उचलू शकतो. गृहखात्याने ही प्रथा १८८४ सालीच, लिबरल गृहमंत्री हार्कोर्ट यांच्या काळात बंद केली होती. जर्मन वकिलातीत स्फोट घडवायचा, एका निरपराध माणसाकडे कागद पेरायचे आणि त्यालाच पकडून देऊन बक्षीस लाटायचं, असा कट उघडकीला आला होता. १८८८ सालचे गृहमंत्री, हुजूर पक्षाचे हेन्री मॅथ्यूज, विरोधकांच्याच या धोरणाला चिकटून राहिले. माझ्या मते बरोबर केलं. संशयिताला लोकांनी दिलेल्या नुसत्या ‘लेदर एप्रन’ (चामड्याचा एप्रन) या टोपणनावावरून पायझर नावाच्या ज्यू चांभाराला अटक झाली होती. तिथे वर पैशांचं आमिष म्हणजे आगीत तेल.

मग त्या वेळी बक्षीस म्हणून जाहीर झालेले १०० आणि ५०० पौंड कुठले? १०० हे, खून झाले त्या व्हाइटचॅपल भागाचे खासदार सॅम्युएल माँटेग्यू यांनी स्वतःच्या खिशातून देऊ केले होते. ५०० सिटी ऑफ लंडनचे, म्हणजे लंडनच्या मध्यभागातल्या, स्वतंत्र कारभार असलेल्या जुन्या शहराचे. एक खून जिथे झाला तो माइटर स्क्वेअर सिटीच्या हद्दीत येतो आणि सिटीचे पोलीस मॅथ्यूज यांच्या हाताखाली नव्हते. विषय संपला.

आता माफी. ‘माफीचा साक्षीदार’ आपल्याला चांगला ठाऊक आहे: गुन्ह्यात सामील असलेला, पण फुटलेला. रिपरचा बळी ठरलेल्या मेरी केलीच्या खुनानंतर, १० नोव्हेंबरला मंत्रिमंडळाने ठरवलं ते हे. पंतप्रधान सॉल्सबरींनी राणीला तसं कळवलंही. जाहीरनाम्याची भाषा वकिली आहे: खुनाची योजना आखणारा आणि प्रत्यक्ष खून करणारा वगळून कुठल्याही साथीदाराला, आणि तेही त्याच्या साक्षीने खुनी सापडून दोषी ठरला तरच. म्हणजे काही पाहिलेल्या शेजारणीला यातून छदामही मिळणार नव्हता. खुनी एकटाच असेल तर हा कागद कुणालाच उद्देशून नव्हता!

आधीच्या खुनांना माफी का नाही, असं २३ नोव्हेंबरला कॉमन्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, विचारलं गेलं. मॅथ्यूज म्हणाले, केलीच्या प्रकरणात निदान खुनानंतर तरी खुन्याला कुणी मदत केली असावी असं वाटायला जागा आहे, आधी ती नव्हती. मला हे उत्तर नंतर जुळवलेलं वाटतं. लोक खवळले होते, राणीची तार आली होती, काहीतरी करून दाखवणं भाग होतं, आणि बक्षिसाचं दार त्यांनी स्वतःच लावून घेतलेलं.

त्या जाहीरनाम्याखाली सही पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांची आहे. त्यांनी दोनच दिवसांपूर्वी राजीनामा दिला होता, तोही रिपरपायी नव्हे, मासिकात परवानगीवाचून छापलेल्या लेखावरून.