कडक लेन्स आणि तिच्याखालचं पाणी

भाच्याला केरॅटोकोनस हा डोळ्याचा आजार निघाला, डॉक्टरांनी कडक लेन्स लिहून दिल्या आणि तासाभरात आमच्या घरच्या ग्रुपवर तीन सल्ले येऊन पडले. पहिला: सॉफ्ट लेन्स का नाही, आजकाल सगळे त्याच वापरतात. दुसरा: लेन्स सटकून डोळ्याच्या मागे जाते, कुणाच्या तरी थेट मेंदूपर्यंत गेली होती. तिसरा: मध आणि गुलाबपाणी. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, डोळ्यांचा डॉक्टर नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतकं देखणं आहे की ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी नावाचा घोळ. चष्म्याच्या दुकानात या लेन्सला बरेचदा ‘सेमी-सॉफ्ट’ म्हणतात. ती सेमीही नाही आणि सॉफ्टही नाही. खरं नाव रिजिड गॅस परमिएबल, म्हणजे कडक पण ऑक्सिजन आरपार जाऊ देणारी. आकार साधारण शर्टाच्या बटणाएवढा, नऊ-दहा मिलिमीटर.

ती बसते कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरच्या पारदर्शक पडद्यावर. शाळेच्या आकृतीत आपण डोळ्याच्या आतलं भिंग ठसठशीत काढतो आणि कॉर्नियाला नुसती एक रेघ देतो, त्यामुळे सगळं काम त्या भिंगाचं, असा समज होऊन बसतो. प्रत्यक्षात डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजतात तेच एकक), आणि त्यातले ४३ च्या आसपास एकट्या कॉर्नियाचे. मधोमध त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. केरॅटोकोनसमध्ये हा पडदा आणखी पातळ होतो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा किशोरवयात. नंबर सारखा बदलतो, आणि शेवटी अशी वेळ येते की कुठल्याच चष्म्याने अक्षर सुटं दिसत नाही. एका दिव्याचे चार दिवे, त्यांना शेपट्या. डोळे सारखे चोळण्याच्या सवयीशी या आजाराचा संबंध आहे, आणि आमचा भाचा लहानपणापासून डोळे मळत बसायचा, कणीक मळावी तसे.

हा काही लाखांत एखादा आजार नाही. नागपूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत तिशीपुढच्या माणसांमध्ये तो २.३ टक्के निघाला. तिथे निकष फक्त कॉर्नियाच्या वक्रतेचा होता, ४८ डायॉप्टर किंवा जास्त, म्हणून तो आकडा मी थोडा सैल हातानेच धरतो. पण निम्मा धरला तरी कमी नाही.

आता विहिरीकडे. विहिरीत सूर मारून पाण्याखाली डोळे उघडले की सगळं विरघळल्यासारखं दिसतं. कारण अपवर्तनाच्या धड्यातच आहे. प्रकाश वळतो तो दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत फरक असतो म्हणून. हवेचा १, कॉर्नियाचा १.३७६, फरक ०.३७६. पाण्याचा मात्र १.३३ च्या वर, म्हणजे फरक उरतो ०.०४ च्या आसपास. पाण्याखाली कॉर्निया जागेवरच असतो, गोलाईही तीच असते, पण प्रकाशाच्या लेखी तो जवळजवळ पुसला जातो. थॉमस यंगने १८०१ मध्ये नेमकी हीच युक्ती वापरली होती. भिंग बसवलेल्या नळीत पाणी भरून ती त्याने स्वतःच्या डोळ्याला लावली, कॉर्निया हिशोबातून काढून टाकला, आणि तरीही जवळचं-लांबचं बघताना डोळा जुळवून घेतोय हे दाखवलं. म्हणजे जुळवून घेण्याचं काम कॉर्नियाचं नव्हे.

निरोगी डोळ्याला ही विहीर नकोशी. पण ज्याचा कॉर्नियाच वेडावाकडा आहे, त्याला तो पुसून टाकता आला तर हवाच आहे! फक्त पुसलेल्या कॉर्नियाच्या जागी एक नवा, गुळगुळीत पृष्ठभाग द्यायला हवा. कडक लेन्स हेच करते. लेन्स आणि कॉर्निया यांच्यामधल्या फटीत अश्रू भरतात. हवेकडची बाजू आता लेन्सची, यंत्रावर घासून काढलेली. कॉर्नियाचे उंचवटे आणि खळगे अश्रूंखाली बुडालेले. अश्रूंचा अपवर्तनांक १.३३६, म्हणजे कॉर्नियाशी फरक ०.०४०. त्याला ०.३७६ ने भागा: ०.१०६. पुढच्या पृष्ठभागाच्या वाकडेपणामुळे प्रतिमेत जो गोंधळ होत होता, त्यातला दहावा हिस्साच शिल्लक राहिला. ना औषध, ना शस्त्रक्रिया. डोळ्याचं स्वतःचं खारट पाणी.

पटत नसेल तर बाथरूमच्या दुधी काचेच्या खरखरीत बाजूवर ओला हात फिरवा. जिथे पाणी, तिथून पलीकडचं दिसायला लागतं. काच तितकीच खरखरीत आहे, पण खड्डे पाण्याने भरले आणि प्रकाशाचं विखुरणं घटलं. चिकटपट्टी लावली तर त्याहून स्वच्छ दिसतं. कारण तिच्या डिंकाने खड्डे भरतात आणि वरची बाजू पट्टीची, सपाट. कडक लेन्सची याहून चांगली प्रतिकृती मला अजून सापडलेली नाही. वर्गात मी हीच दाखवतो.

सॉफ्ट लेन्स का नाही, ते आता उघड आहे. खाटेच्या गादीला खड्डा पडलाय. वर चादर टाकली तर खड्डा चादरीवरही उमटतो, फळी टाकली तर उमटत नाही. सॉफ्ट लेन्स ही चादर. कडकपणा हा या लेन्सचा दोष नाही, तेच तिचं भांडवल आहे.

पुढचा परिच्छेद आकड्यांना कंटाळलेल्यांनी गाळला तरी चालेल, मला मात्र तो गाळवत नाही. फटीतलं हे पाणीसुद्धा एक भिंगच असतं. लेन्सच्या आतल्या बाजूची त्रिज्या ७.८ मिलिमीटर आणि कॉर्नियाची ७.९ असेल, तर पाण्याच्या पुढच्या बाजूची ताकद ३३६ (अश्रू आणि हवेच्या अपवर्तनांकांतला फरक ०.३३६, त्रिज्या मिलिमीटरमध्ये म्हणून गुणिले १०००) भागिले ७.८, म्हणजे ४३.०८, आणि मागच्या बाजूची वजा ४२.५३. बेरीज अधिक ०.५५ डायॉप्टर. त्रिज्येत एक दशांश मिलिमीटरचा फरक आणि अर्ध्या नंबरची उलथापालथ! म्हणून या लेन्स मापून, चाचणी-लेन्स घालून, डोळ्यात फ्लोरेसिन या चमकणाऱ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात तपासतात. हिरवं चकाकेल तिथे पाणी साचलंय, काळं दिसेल तिथे लेन्स टेकतेय. आणखी एक गोष्ट. कॉर्नियाची मागची बाजूही या आजारात वाकडी होते, तिथवर लेन्सचा हात पोचत नाही. त्यामुळे दिव्याची शेपटी आखडते, पण पार जातेच असं नाही.

ही कल्पना जुनी आहे. लिओनार्दो द विंचीने लेन्स शोधली वगैरे फॉरवर्ड फिरतात, ते सोडा. त्याने पाण्यात बुडवलेल्या डोळ्याचा विचार केला होता, लेन्स नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने वाकड्या कॉर्नियावर काचेच्या वाटीत पारदर्शक जेली धरून ठेवायची कल्पना मांडली. प्रत्यक्षात काचेची वाटी डोळ्यात घातली झुरिकच्या अडोल्फ फिकने, आधी सशांच्या, मग स्वतःच्या, मग रुग्णांच्या. हे १८८८ चं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये यूजेन काल्ट केरॅटोकोनसवर काचेच्या वाट्या वापरून बघत होता. पण मला जवळचा वाटतो तो जर्मनीतल्या कीलचा विद्यार्थी आउगुस्ट म्युलर. स्वतःचा नंबर वजा १४ च्या घरात. डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब घालून तो लेन्स चढवायचा, आणि अर्ध्या तासापलीकडे त्याला ती सोसवत नसे. १८८९ च्या प्रबंधात त्याने हे लिहून ठेवलंय. नुसत्या कॉर्नियावर बसणारी छोटी प्लॅस्टिकची लेन्स १९४८ मध्ये कॅलिफोर्नियात केविन टुओहीने आणली.

म्युलरच्या वाटेला मात्र कुणी जाऊ नये. डोळा बधिर करणारे थेंब घरी वापरणं घातक आहे. कॉर्नियाची जखम भरून येणं त्यांनी अडतं, आणि जखम झालीय हे सांगणारी वेदनाच गायब होते.

पहिल्या दिवशी मी भाच्याबरोबर शिकायला गेलो. हात साबणाने धुऊन, तंतू न सुटणाऱ्या कापडाला कोरडे करायचे. आदल्या जेवणात मिरच्या चिरल्या असतील तर नुसतं पाणी उपयोगाचं नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आरसा भिंतीवर नको, टेबलावर आडवा, मान खाली. लेन्स तर्जनीच्या टोकावर वाटीसारखी उताणी, तिच्यात सोल्यूशनचा थेंब. त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी ओढायची, दुसऱ्या हाताने वरची, आणि तीसुद्धा केसांच्या अगदी मुळाशी धरून. मधेच धरली तर ती फडफडून निसटते. नजर आरशातल्या स्वतःच्या डोळ्यात, लेन्सकडे नाही. मग बोट न घाबरता पुढे.

“मामा, माझा डोळा माझं ऐकत नाही.”

ऐकणार कसा? कॉर्नियाजवळ काही आलं की पापणी मिटायची, ही प्रतिक्षिप्त क्रिया मेंदूच्या खोडातून चालते, तुमची परवानगी मागत नाही. कॉर्नियात चेतातंतूंची दाटी त्वचेच्या कित्येकशे पट. पहिली लेन्स बसायला चाळीस मिनिटं लागली, त्यात ती दोनदा जमिनीवर आणि एकदा बेसिनमध्ये गेली. बेसिनचं भोक आधी बुजवावं, हे त्यानंतर कळलं. पडलेली लेन्स नळाच्या पाण्याने धुऊन लगेच डोळ्यात, हे कधीच नाही. नळाच्या पाण्यात अकँथामीबा असू शकतो, आणि त्याचा संसर्ग डोळा घालवू शकतो. थुंकी लावून तर नाहीच नाही.

काढायची रीत त्याहून मजेची. डोळे मोठे करायचे, बाहेरचा कोपरा कानाकडे ओढायचा आणि जोरात पापणी मिटायची, लेन्स तळहातावर. जमत नसेल त्यांना रबराची छोटी सक्शन-नळी मिळते. पण आधी लेन्स बुबुळावर आहे याची खात्री करा, नाहीतर नळी थेट कॉर्नियाला चिकटेल. लेन्स पांढऱ्या भागावर सरकली तर घाबरायचं कारण नाही. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्यावर येतं आणि तिथे शिवलेल्या खिशासारखं बंद असतं. मागे जायला रस्ताच नाही, मेंदू तर दूरच.

आणि ती टोचते का? सगळ्यांना वाटतं, काच कॉर्नियाला घासते. मापात बसलेली लेन्स अश्रूंच्या थरावर तरंगते. कुरकुर मुख्यतः वरच्या पापणीची, कारण तिची आतली कड दर मिटण्याला लेन्सच्या कडेवरून घसरते. मिनिटाला बारा वेळा मिटलं, सोळा तास जागं राहिलं, तर दिवसाला साडेअकरा हजार खेपा. भांबावलेला डोळा पहिले काही दिवस पाणी काढत राहतो, ते पाणी नेहमीच्या अश्रूंपेक्षा पातळ, त्यात लेन्स भरकटते, मग दिसणं धूसर होतं आणि माणूस म्हणतो लेन्स वाईट. मेंदू ही तक्रार हळूहळू बाजूला सारतो, नव्या जोडव्यांची पायाला सवय होते तसा. पहिल्या दिवशी तीन-चार तास, मग रोज तास-दोन तास वाढवत दोन-तीन आठवडे. मधे खंड पडला की पापणी सगळं विसरते. आणि न मिटता टक लावून बसू नका. दर मिटण्याला लेन्स मिलिमीटर-दीड मिलिमीटर हलते आणि खालचं थोडं पाणी बदलतं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, उघड्या डोळ्याला ऑक्सिजन हवेतून अश्रूंमार्गेच मिळतो. जुन्या प्लॅस्टिकच्या लेन्समधून ऑक्सिजन जातच नसे, तेव्हा सगळी भिस्त या पंपावर होती. ती पुरी पडत नसे. वर्षानुवर्षांच्या वापराने कॉर्नियाची संवेदनाच मंदावायची. म्हणजे त्या काळची ‘सवय’ काही अंशी बधिरता होती.

कुरकुर वेगळी आणि दुखणं वेगळं. लेन्स काढल्यावरही दुखत राहिलं, डोळा लाल झाला, उजेड सोसेना, घाण यायला लागली, तर सवय वगैरे विसरायचं आणि डॉक्टर गाठायचा. दुचाकीवर धुळीचा कण लेन्सखाली गेला तर कडेला थांबून ती काढा. साधा गॉगल घातला तर ही वेळ क्वचित येते. ज्यांना एवढं करूनही सोसत नाही, त्यांच्यासाठी पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स आहेत. त्यांत सलाइन भरून घालतात, म्हणजे विहीरच जरा मोठी.

मध-गुलाबपाण्याचं राहिलं. कॉर्नियाचा शंकू मधाने सपाट होत नाही, डोळे गरगर फिरवूनही होत नाही. जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. दुसऱ्या टोकाला ‘लेझरने चष्मा घालवा’वाले. केरॅटोकोनसमध्ये तसं लेझर म्हणजे आधीच पातळ झालेली भिंत आणखी तासणं. आणि एक गैरसमज आमच्याच घरातला: लेन्स घातली की आजार थांबतो. नाही थांबत. वाढ रोखायला रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील किरण देतात, इथले डॉक्टर त्याला सी-थ्री-आर म्हणतात. भाच्याचं ते आधी झालं, लेन्स त्यानंतर.

दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. टोचणं जवळजवळ गेलंय, पण दोन दिवस सगळं धूसर दिसतंय, लेन्स बिघडल्या वाटतं. मी म्हटलं, दोन्हींची मापं वाचून दाखव. कागदावर होतं: उजवी ७.६, डावी ७.१. म्हटलं, आता अदलाबदल करून घाल. पाच मिनिटांनी परत फोन. दोन दिवस उजवी डावीत आणि डावी उजवीत होती. ३३६ ला दोन्ही आकड्यांनी भागलं तर फरक तीन डायॉप्टरहून जास्त येतो, तेवढ्या ताकदीचं पाणी चुकीच्या डोळ्यात. पुढची जोडी मागवताना त्याने उजव्या लेन्सवर ठिपका करून घेतला.