बालवयातील सांसर्गिक विषाणुजन्य आजार आणि लसीकरण

गोवर, गालगुंड, रुबेला आणि कांजिण्या हे विषाणूंमुळे होणारे, एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज पसरणारे आणि लशीने बव्हंशी टाळता येणारे आजार आहेत. या चारही आजारांत रोगाची ओळख पटण्याआधीच मूल इतरांना संसर्ग देऊ लागते. गोवरात हा काळ पुरळ उठण्याच्या सुमारे ४ दिवस आधी, तर कांजिण्यांत १ ते २ दिवस आधी सुरू होतो. म्हणून पुरळ दिसल्यावर मुलाला वेगळे ठेवणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने साथ आटोक्यात येत नाही.

यांत गोवर सर्वाधिक सांसर्गिक आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एका रोग्यापासून साधारण १२ ते १८ जणांना लागण होते. खोकल्या-शिंकांतून बाहेर पडलेला विषाणू हवेत २ तासांपर्यंत टिकत असल्याने रोगी निघून गेल्यानंतर खोलीत आलेले मूलही आजारी पडू शकते. ताप, खोकला, वाहते नाक व लाल डोळे ही लक्षणे आधी दिसतात आणि मग चेहऱ्यापासून खाली पसरत जाणारे पुरळ उठते. गोवर सगळ्यांनाच होतो आणि आपोआप बरा होतो, हा समज घातक आहे. न्यूमोनिया आणि मेंदूदाह हे त्याचे जीवघेणे उपद्रव असून, शरीराने पूर्वी इतर रोगांविरुद्ध मिळवलेली प्रतिपिंडेही (रोगजंतूंना ओळखून रोखणारी रक्तातील प्रथिने) तो काही प्रमाणात नष्ट करतो. त्यामुळे बरे झालेले मूल पुढे बराच काळ अन्य संसर्गांना सहज बळी पडते.

एकदा गोवर झालेल्यास तो सहसा पुन्हा होत नाही. उत्तर अटलांटिक महासागरातील फेरो बेटांवर १८४६ मध्ये आलेल्या साथीचा अभ्यास करताना पेटर पानुम या डॅनिश वैद्याला आढळले की, १७८१ च्या साथीतून वाचलेले वृद्ध ६५ वर्षांनंतरही सुरक्षित राहिले होते. असे दीर्घकालीन संरक्षण आजार न भोगता मिळवून देणे, हेच लशीचे कार्य होय.

गालगुंडात कानांपुढील लाळग्रंथी सुजतात. वयात आलेल्या मुलांत वृषणदाह, तर क्वचित बहिरेपणाही उद्भवतो. कांजिण्यांचा विषाणू चेतातंतूंच्या गुच्छिकांत (चेतापेशींच्या गाठींत) सुप्त राहून उतारवयात नागीण उत्पन्न करू शकतो. रुबेला मुलाला फारसा त्रास देत नाही, परंतु गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत तो मातेला झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयदोष संभवतात. नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने हा संबंध १९४१ मध्ये दाखवून दिला. मुलग्यांनाही रुबेलाची लस देण्यामागे, त्यांच्यामार्फत गर्भवतीपर्यंत विषाणू पोहोचू नये, हाही हेतू असतो.

गोवराची लस १९६३ मध्ये, तर गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस १९७१ मध्ये अमेरिकेत वापरात आली. जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये कांजिण्यांची लस तयार केली. या सर्व लशींत निर्बल केलेले जिवंत विषाणू असतात. मातेकडून आलेली प्रतिपिंडे तान्ह्या बाळात लशीचा प्रभाव कमी करतात, म्हणून गोवराची पहिली मात्रा सामान्यतः ९ ते १५ महिन्यांच्या वयात देतात. एका मात्रेने गोवरापासून सुमारे ९३ टक्के, तर दोन मात्रांनी ९७ टक्के संरक्षण मिळते. पहिल्या मात्रेला ज्यांच्या शरीराने प्रतिसाद दिला नाही, त्यांच्यासाठी दुसरी मात्रा मुख्यतः असते.

तान्ही बाळे, गर्भवती स्त्रिया आणि रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारी मुले यांना ही लस नेहमीप्रमाणे देता येत नाही. त्यांचे रक्षण भोवतालच्या लसवंतांवरच अवलंबून असते आणि त्यासाठी गोवराच्या बाबतीत सुमारे ९५ टक्के लोकांना प्रतिकारशक्ती असावी लागते. लशीनंतर हलका ताप किंवा पुरळ येऊ शकते. एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट' नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि लाखो मुलांच्या पाहण्यांत तसा संबंध आढळलेला नाही.

गोवराच्या रोग्याशी संपर्क येऊन गेला असला, तरी लस न घेतलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत ती दिल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो.