स्वयंसेवकांना सांभाळणाऱ्यांचे प्रशिक्षण : पार्श्वभूमी

स्वयंसेवकांना कामाची तयारी करून देण्याची पद्धत जुनी आहे. त्यांचे काम सांभाळणाऱ्यालाही शिकावे लागते, हे मान्य व्हायला मात्र जवळपास शंभर वर्षे गेली.

लंडनमध्ये १८६५ पासून ऑक्टेव्हिया हिल यांनी गरिबांच्या भाड्याच्या घरांची व्यवस्था पाहायला सुरुवात केली. दर आठवड्याला भाडे गोळा करायला जाणाऱ्या स्त्रियांना त्या स्वतः तयार करत. हिशेब, घरांची दुरुस्ती, भाडेकरूचा मान राखून बोलणे हे सगळे त्यात आले. १८६९ मध्ये लंडनमध्येच, गरीब कुटुंबांची चौकशी करून मदतीचा मेळ घालणारी चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढे अमेरिकेतल्या शहरांतही तशा संस्था निघाल्या. तिथे घरोघरी जाणारे बहुतेक जण विनावेतन काम करत. त्यांना कुटुंबे नेमून देणारा आणि अडचणीत सल्ला देणारा मात्र पगारी असे. आजचा स्वयंसेवक समन्वयक नेमके हेच करतो.

या कामासाठी प्रशिक्षणाची शाळा हवी, असे अमेरिकेतल्या अशाच एका संस्थेच्या मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये जाहीरपणे मांडले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग भरला. लंडनमध्ये १९०३ मध्ये शाळा सुरू झाली. पण या शाळांतून घडले ते पगारी समाजकार्य. न्यूयॉर्कचा वर्ग वाढत जाऊन कोलंबिया विद्यापीठाची समाजकार्य शाळा झाला. कुटुंबांशी थेट काम करायचे ते प्रशिक्षित व्यावसायिकानेच, असा रिवाज पडला आणि स्वयंसेवक समित्यांकडे व निधी जमवण्याकडे सरकले. त्यांना सांभाळण्याची विद्या अभ्यासक्रमातून गळून पडली. या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोठे नुकसान मला हेच वाटते, कारण पुढच्या पिढ्यांना ती विद्या पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागली.

ब्रिटनमध्ये १९३८ मध्ये लेडी रीडिंग यांनी सुरू केलेल्या विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेसमध्ये युद्धकाळात दहा लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. एवढा पसारा प्रत्यक्ष काम करता करताच सांभाळला गेला.

युद्धानंतर मनोरुग्णालयांची दारे बाहेरच्या माणसांसाठी उघडू लागली आणि चित्र पालटले. रुग्णाजवळ बसणाऱ्या अनोळखी माणसाला काय सांगायचे, काय सांगायचे नाही, त्याच्या हातून चूक झाली तर जबाबदारी कोणाची, हे प्रश्न नुसत्या सद्भावनेने सुटणारे नव्हते. म्हणून अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांमधील समन्वयकांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपली संघटना बांधली. तिचेच पुढे असोसिएशन फॉर व्हॉलंटिअर अॅडमिनिस्ट्रेशन झाले. त्याच सुमारास मिशिगनमधील रॉयल ओकचे न्यायाधीश कीथ लीनहाउट्स यांनी परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, मोकळे ठेवलेल्या गुन्हेगारांच्या सोबतीला स्वयंसेवक दिले. जिथे समोरचा माणूस दुबळ्या अवस्थेत असतो, तिथेच प्रशिक्षणाची गरज आधी उमगली.

ब्रिटनमध्ये जेराल्डिन एव्हज यांच्या समितीने १९६९ मध्ये समाजसेवांमधील स्वयंसेवकांवर अहवाल दिला. तयारी फक्त स्वयंसेवकाची नको, त्याचे काम आखणाऱ्याचीही हवी, असा तिचा आग्रह होता. तिच्या शिफारशीतून १९७३ मध्ये व्हॉलंटिअर सेंटर सुरू झाले. अमेरिकेत मार्लीन विल्सन यांचे १९७६ चे पुस्तक समन्वयकांचे पाठ्यपुस्तकच ठरले. कुणाला यशाची ओढ असते, कुणाला प्रभावाची, कुणाला आपलेपणाची, हा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांचा विचार त्यांनी या क्षेत्रात आणला आणि कामाची वाटणी त्या ओढीनुसार करायला शिकवले. पगाराचा लगाम हाती नसताना माणूस टिकवायचा, तर याहून उपयोगी धडा क्वचितच असेल.

जपानमध्ये ही गरज आपत्तीने दाखवून दिली. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात भूकंप झाला आणि वर्षभरात दहा लाखांहून अधिक लोक मदतीला आले. आलेल्या हातांना काम कोण नेमून देणार, हा पेच ठिकठिकाणी पडला. जपानी समन्वयकांची संघटना २००१ मध्ये स्थापन झाली. ते वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले होते.

अमेरिकेतली जुनी संघटना २००६ मध्ये बंद पडली, पण तिने सुरू केलेले प्रमाणपत्र एका स्वतंत्र परिषदेने चालू ठेवले. ते मिळवायला अनुभव लागतो आणि परीक्षाही द्यावी लागते. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये या कामाचे राष्ट्रीय व्यावसायिक निकष ठरले.

तरीही मार्च २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने अडीच लाख स्वयंसेवक मागितले, तेव्हा काही दिवसांत साडेसात लाख लोकांनी नावे नोंदवली आणि त्यांतले पुष्कळजण कामाची वाट पाहत राहिले. प्रमाणपत्रे आणि निकष आज आहेत, पण ती मुख्यतः पगारी पद असलेल्या मोठ्या संस्थांना परवडतात. छोट्या मंडळांत हे काम चिटणीस इतर दहा जबाबदाऱ्यांबरोबर करतो, आणि त्याच्या वेळेला व खिशाला झेपेल असे शिक्षण अजून फार थोड्या ठिकाणी मिळते.