हाउसिंग ऑथॉरिटी आणि शाळा यांच्यात मुलांची माहिती देण्या-घेण्याची प्रक्रिया (अमेरिका)

अमेरिकेत सरकारी अनुदानाच्या घरात राहणारं मूल शाळा बुडवू लागलं की ते शाळेला दिसतं. त्याच घराचं भाडं थकलं आहे, हे हाउसिंग ऑथॉरिटीला, म्हणजे अशी घरं सांभाळणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेला, ठाऊक असतं. दोन्ही माहिती वेळेत एकत्र आली तर कुटुंबाला मदत करता येते. पण मुलाची शालेय नोंद १९७४ च्या फर्पा (FERPA) या शालेय नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली येते आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय शाळा ती बाहेर देऊ शकत नाही. अपवाद आहेत, पण मोजके.

हाउसिंग ऑथॉरिटीत काम करत असाल तर आधी एक ठरवा: तुम्हाला नुसते आकडे हवेत की एकेका मुलाची माहिती? वसाहतीतली किती मुलं सतत गैरहजर असतात एवढंच हवं असेल, तर ओळख काढून टाकलेली एकत्रित माहिती संमतीशिवाय मिळते. मात्र एका इयत्तेत वसाहतीतली दोन-तीनच मुलं असतील तर आकड्यावरूनच मूल ओळखू येतं, म्हणून शाळा तो रकाना झाकते. अभ्यास किंवा मूल्यमापनासाठी नावानिशी नोंदी देण्याचे वेगळे अपवाद आहेत. त्यासाठी लेखी करार लागतो आणि काम संपल्यावर माहिती नष्ट करावी लागते. पण या नोंदी हाताशी धरून एखाद्या मुलाच्या घरी जाता येत नाही. त्यासाठी संमतीच हवी.

संमतिपत्रात काय असावं

कायद्याने चार गोष्टी आवश्यक आहेत: कोणत्या नोंदी द्यायच्या, कशासाठी, कोणाला, आणि तारखेसह सही. ‘सर्व शालेय माहिती’ असं मोघम लिहू नका. हजेरी, गुण, शिस्तीच्या कारवाईच्या नोंदी असे वेगवेगळे चौकोन ठेवा. पुष्कळ आई-वडील हजेरीला हो म्हणतात आणि शिस्तीच्या नोंदींना नाही, आणि तसं म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मुदत घालणं कायद्याने सक्तीचं नसलं तरी एका शालेय वर्षाची घालावी. घराची माहिती शाळेला जाणार असेल तर तिची संमतीही स्पष्ट, वेगळ्या ओळीत घ्यावी.

सही कोणाची, इथे बरेच अर्ज अडकतात. भाडेकरार आजीच्या नावावर असला तरी तेवढ्यावर आजीची सही चालत नाही. सही आई-वडिलांची किंवा कायदेशीर पालकाची. ते नसतील तर प्रत्यक्ष पालक म्हणून सांभाळणाऱ्या व्यक्तीची चालते. मूल १८ वर्षांचं झालं की हक्क त्याच्याकडे जातो, म्हणून बारावीतल्या मुलांची यादी वाढदिवसानुसार तपासत राहा आणि त्यांची सही नव्याने घ्या.

भाडेकराराच्या गठ्ठ्यात हे पत्र मुळीच घालू नये. सही केली नाही तर घर जाईल, असं वाटून केलेली सही ही संमती नव्हे. कुटुंबाच्या भाषेत छापलेलं पत्र वेगळ्या भेटीत समजावून द्यावं.

करार आणि जुळणी

संमती असली तरी स्कूल डिस्ट्रिक्टशी (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेशी) लेखी करार करून ठेवावा: नोंदींची फाइल कोण पाठवणार, किती दिवसांनी, कोण उघडू शकणार, कधी पुसणार. मिळालेली माहिती पुढे तिसऱ्या संस्थेला देता येत नाही. ती संस्था हवी असेल तर तिचं नाव संमतिपत्रातच लागतं.

दोन्हीकडच्या नोंदींची जुळणी नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवर होते. शाळेत आडनाव आईचं, भाडेपट्ट्यावर वडिलांचं, असा घोळ नेहमीचा. नुसत्या नावावर जुळवलं तर भलत्याच मुलाची नोंद हाती येते. संमतिपत्रावर शाळेचा विद्यार्थी क्रमांक लिहून घेतला की हे बरंचसं टळतं.

फाइल महिन्याला तरी यावी. सतत गैरहजर म्हणजे शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के चुकलेले, १८० दिवसांच्या वर्षात १८. वर्षाअखेरीस हा आकडा कळून त्या मुलाला काहीच उपयोग नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात २०११ पासून मॅकार्व्हर प्राथमिक शाळेतल्या ५० पर्यंत कुटुंबांना भाड्याची मदत देण्यात आली ती मुलं त्याच शाळेत टिकावीत म्हणून, आणि सोबत कुटुंबांसाठी कार्यकर्ते नेमले होते. फाइल पाहून कुटुंबाकडे जाणारा असा कार्यकर्ता नसेल तर ती मागवण्यात अर्थ नाही.

घर सुटलंच तर लगेच डिस्ट्रिक्टच्या बेघर विद्यार्थी समन्वयकाला कळवायला कुटुंबाला सांगा. हे पद प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये असतं. बेघर मुलांच्या शिक्षणासाठीच्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार मुलाच्या हिताचं असेल तर त्याला जुन्याच शाळेत राहता येतं आणि जाण्या-येण्याची सोय मिळते. शाळा बदलावी लागली तर कागदपत्रं हाताशी नसली तरी प्रवेश नाकारता येत नाही.