कामत, कामोतीम आणि नावे जुळवणारे गणित

समजा, आजोबांच्या गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या दस्तऐवजावर आडनाव ‘कामोतीम’ आहे आणि नातवाच्या आधार कार्डावर ‘कामत’. फोंड्यातली जुनी माणसे दोन्ही एकच म्हणून मोकळी होतील. संगणकाला मात्र घराणे ठाऊक नसते. तो रोमी अक्षरे मोजतो, आणि त्या मोजणीवर माणसांची कामे होतात किंवा अडतात. पॅन आणि आधार जोडताना नावात तफावत निघाली की जोडणी थांबते, हे अनेकांनी भोगले आहे.

ही मोजणी अनेक ठिकाणी रशियन गणितज्ञ व्लादिमीर लेव्हेनश्टाइन यांनी १९६५ साली मांडलेल्या अंतरावर चालते. एका नावाचे दुसरे नाव करायला किती अक्षरे बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात, ते मोजायचे. तो आकडा लांब नावाच्या अक्षरसंख्येने भागायचा आणि १ मधून वजा करायचा. आले ते साम्य.

करून पाहू. कामतचे कामोतीम करताना ‘के’ जाऊन ‘सी’ येतो, दुसऱ्या ‘ए’चा ‘ओ’ होतो, शेवटी ‘आय’ आणि ‘एम’ वाढतात. बदल ४, लांबी ७, साम्य ०.४३. ‘नाईक’ पोर्तुगीज पद्धतीने लिहिताना शेवटच्या ‘के’ऐवजी ‘क्यू-यू-ई’ येते: बदल ३, लांबी ६, साम्य ०.५०. आता रायकर आणि पारकर घ्या. दोन वेगळी आडनावे, पण ६ अक्षरांत फरक फक्त २ चा. साम्य ०.६७!

म्हणजे पास होण्याचे गुण ०.८० ठेवले तर खरा नातू नापास होतो. ते ०.४० वर आणले तर रायकरांच्या नोंदीला पारकर चिकटतात. यातली कोणती चूक चालवून घ्यायची, हे गणित ठरवत नाही. तो आकडा प्रणाली बसवणारा माणूस निवडतो आणि बहुतेक वेळा तो कुठे लिहिलेलाही नसतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

उच्चारावर चालणारी जुनी युक्ती म्हणजे साउंडेक्स. तिचे पेटंट १९१८ चे. पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना गटाप्रमाणे आकडे द्यायचे. नाईकच्या दोन्ही रूपांना एकच संकेत मिळतो, एन-२००. छान. पण केंकरे ‘के’ने लिहिले तर के-५२६ आणि ‘क्यू’ने लिहिले तर क्यू-५२६. आकडे तंतोतंत तेच, तरी जोडी तुटते, कारण पहिल्या अक्षराला हात लावायचा नाही असा नियम आहे. शंकरचेही तसेच: पोर्तुगीज लेखनात ‘श’साठी ‘एक्स’, इंग्रजीत ‘एस-एच’. उलट कामत आणि कानडे यांचा संकेत एकच निघतो, के-५३०.

उपाय जुळवणीच्या आधी करावा लागतो. पोर्तुगीज लिपीत ‘के’ जवळजवळ नसल्यामुळे ‘क’साठी ‘ए, ओ, यू’च्या आधी ‘सी’ लिहीत आणि ‘ई, आय’च्या आधी ‘क्यू-यू’. नावाच्या शेवटचा ‘एम’ नुसते अनुनासिक दाखवतो. हे नियम आधी लावले की केंकरेंचे साम्य ०.८३ वर जाते, नाईकांचे ०.८० वर. मात्र नियम फक्त १९६१ पूर्वीच्या, म्हणजे गोवा मुक्त होण्याआधीच्या नोंदींना लावायचे. सरसकट लावले तर आजच्या ‘लक्ष्मण’मधला ‘एक्स’ही ‘श’ होतो आणि नवीनच घोळ उभा राहतो.

आणि कामोतीम? नियम लावूनही ते ०.६७ वरच अडकते, रायकर-पारकरांच्या बरोबरीला. इथे स्पेलिंगचा आधार संपतो. वडिलांचे नाव, जन्मतारीख, गाव, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर, यांतल्या निदान दोन गोष्टी जुळतात का, ते पाहावेच लागते. म्हणून निकाल दोन नकोत, तीन हवेत: जुळले, जुळले नाही आणि माणसाने पाहावे. तिसऱ्या ढिगासाठी गोव्यातली जुनी कागदपत्रे वाचता येणारा माणूस बसवायला हवा. तो खर्च वाचवला की सगळा भार खिडकीपुढे उभ्या असलेल्या नातवावर पडतो, आणि तो प्रतिज्ञापत्रे करत फिरतो.

अर्ज फेटाळला तर ‘नाव जुळत नाही’ एवढ्यावर परत फिरू नका. कोणत्या दोन नोंदी ताडल्या, तफावत नावात की आडनावात, आणि निर्णय यंत्राचा की माणसाचा, हे लेखी मागा. कार्यालयानेही हाताने जुळवलेल्या आडनावांची यादी ठेवावी. पुढचा कामोतीम आला की त्या यादीवरून त्याचा कागद फेटाळला न जाता तपासणीच्या ढिगात जाईल. तो कोणाचा नातू, हे मात्र प्रत्येक वेळी कागद पाहूनच ठरवायचे.