मोठे पूल आणि सार्वजनिक-खासगी भागीदारी

मोठा पूल बांधणे, त्यासाठी भांडवल उभारणे आणि पुढे कित्येक दशके तो सांभाळणे, ही सारी जबाबदारी सरकारने करार करून खासगी कंपनीवर सोपवण्याची पद्धत म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी. मुदत संपली की पूल सरकारच्या ताब्यात येतो. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणजेच बीओटी हा तिचा सर्वांत रुळलेला प्रकार.

कंपनीचा खर्च टोलमधून निघतो किंवा सरकार तिला वार्षिक रक्कम देते. फ्रान्समधला मियो पूल (२००४) एफाज कंपनीने स्वतःच्या पैशाने उभारला. त्यावर ७५ वर्षे टोल घेण्याचा हक्क तिला मिळाला. कॅनडातल्या १२.९ किमी लांबीच्या कॉन्फेडरेशन पुलासाठी (१९९७) टोल आहेच, शिवाय पूर्वी फेरीबोटींवर होणाऱ्या खर्चाइतकी रक्कम सरकार दरवर्षी देते.

या पद्धतीचा खरा फायदा देखभालीत आहे. पुलाचे दुखणे बहुधा बेअरिंग (खांबावर पुलाचा भार पेलणारे, थोडी हालचाल होऊ देणारे आधार), प्रसरण सांधे (तापमानाने पूल लांबतो-आखडतो त्यासाठी ठेवलेल्या फटी) आणि केबलवरचा गंज इथून सुरू होते. बांधणाऱ्यालाच पुढे दुरुस्ती करायची असली, तर तो रंगाचा दर्जा आणि तपासणीसाठीच्या वाटा यांचा विचार नकाशावरच करतो. मात्र मुदत संपत आली की खर्चात हात आखडला जाण्याचा धोका असतो. म्हणून हस्तांतरणाच्या वेळी पुलाची स्थिती कशी असावी, हे करारात आधीच लिहून घ्यावे लागते.

वाद होतात ते वाहतुकीच्या अंदाजावरून. तुर्कस्तानने उस्मानगाझी पुलासाठी (२०१६) रोज ४०,००० वाहनांची हमी दिली. तूट सरकारी तिजोरीतून भरायची. दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाचे (२००१) उदाहरण याहून बोलके आहे. तिथे कंपनीला प्रकल्पखर्चावर वर्षाला २० टक्के परतावा कबूल केला होता. जेवढा परतावा कमी पडेल तेवढी रक्कम प्रकल्पखर्चातच धरायची. त्यामुळे टोल गोळा होत राहिला, तरी कंपनीचे येणे वाढतच गेले. असे कलम मान्य होणे हीच मोठी चूक होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये टोल थांबवला. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

ब्रिटनमधल्या सेव्हर्न नदीवरच्या दोन पुलांच्या करारात वसुलीची कमाल रक्कमच ठरवली होती. ती पुरी होताच जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही पूल सरकारकडे आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टोल बंद झाला.